तळं वाचवा सप्ताह

त्या राज्यात जे संपत आलेलं असेल त्याचं चित्र काढायची रीत होती. चित्र पुरं झालं की ती गोष्ट वाचली, असं सरकारदप्तरी धरलं जाई. अशा रीतीने तिथला डोंगर वाचला, डोंगरामागचं आंब्याचं बन वाचलं, आणि नदी तर तीनदा वाचली. आता डोंगर जागेवर नव्हता ही गोष्ट वेगळी. पण त्याचं चित्र कचेरीत लावलेलं होतं आणि चित्रात तो होता त्याहून उंचच दिसत होता. त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

या राज्यातल्या एका शाळेत भागाबाई नावाची बेडकीण शिपाईण होती. शाळेला घंटा नव्हती, भागाबाईचा गळा होता, आणि तो पुरून उरत असे. शाळेच्या मागे एक मातकट तळं होतं. सगळ्या मुलखात तेवढंच एक तळं उरलं होतं. त्यात भागाबाईची त्या वर्षीची पोरं वाढत होती, अजून नुसत्या शेपट्यांची. पाय फुटून काठावर यायला त्यांना आणखी पंधरा दिवस हवे होते. तेवढे दिवस पाणी धड राहावं, यापलीकडे बाईचं कोणाकडे काही मागणं नव्हतं.

आणि नेमका त्याच वेळी वरून हुकूम आला, की यंदा तळं वाचवायचं आहे. आठवड्याच्या शेवटी तपासणीला स्वतः बोकडसाहेब येणार होते. बोकडसाहेब म्हणजे झाडापाल्याच्या रक्षणाचे मुख्य अधिकारी. त्यांनी आजवर हजारो रोपं लावली होती आणि प्रत्येक रोपाची पानं जातीने चाखून पाहिली होती.

भागाबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. आपलं तळं, आपली पोरं, आणि अख्खी शाळा त्यांच्यासाठी कामाला लागणार! ती वर्गावर्गांत जाऊन सांगून आली. चांगलं लव्हाळं कुठे उगवतं, कमळाची मोठी पानं कुठल्या बाजूला आहेत, तेही तिने हौसेने दाखवलं. पुढे तिने यासाठी स्वतःला फार शिव्या दिल्या.

पहिल्या दिवशी निसर्गफेरी झाली. मुलं तळ्याभोवती फिरली, ब्रश बनवण्यासाठी त्यांनी लव्हाळं कापलं, रंग कालवायला कमळाची पानं तोडली, आणि काठचं गवत बसून बसून सपाट केलं. मुलांना निसर्गाची ओळख झाली. निसर्गालाही मुलांची झाली.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर चित्र सुरू झालं. गेरू आला, हळद आली, नीळ आली. शाळेत स्वच्छतेची शिस्त कडक असल्यामुळे खरकटा ब्रश ठेवायची कोणाची टाप नव्हती, आणि ब्रश धुवायला पाणी एकच होतं. तिसऱ्या दिवशी भागाबाईची पोरं पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं उघडझाप करू लागली. तशीच उड्या मारत बाई मुख्याध्यापकांकडे गेली.

मुख्याध्यापक होते सरडे गुरुजी. समोरच्याच्या प्रत्येक बोलण्याला मान हलवायची त्यांना सवय होती, म्हणून ते पदावर टिकले होते. त्यांनी भागाबाईचं सगळं ऐकून घेतलं, जोरजोरात मान हलवली, आणि ब्रश धुणं कुठेही थांबलं नाही. बाई पुन्हा गेली तेव्हा गुरुजी जरा दुखावले.

"बाई, हे सगळं कोणासाठी चाललंय?" ते म्हणाले. "तळ्यासाठीच ना? एकदा चित्र होऊ द्या. मग तळ्याला कोणी हात लावणार नाही."

चित्र झालं. झकास झालं, नावं ठेवायला जागा नाही. निळंशार पाणी, पांढरे हंस, गुलाबी कमळं. हंस त्या मुलखात कोणी पाहिले नव्हते, पण हंसांवाचून तळं बरं दिसत नाही असं ठरलं. भागाबाई भिंतीसमोर जाऊन आपली पोरं शोधू लागली. पहिलीच्या मुलांनी तिला समजावलं, की बारीक आणि काळं काही चित्रात घ्यायचं नाही, डाग पडल्यासारखं वाटतं.

तपासणीच्या आदल्या दुपारी गुरुजी चित्र पाहायला आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या पाठीचा रंग तीनदा बदलला. चित्रातलं तळं निळं आणि खरं तळं मातकट! साहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी पाहिली तर शाळेने चुकीचं तळं वाचवलं असा शेरा मारायचे. आता चित्र काही बदलता येत नव्हतं, ते पुरं झालं होतं. तेव्हा गुरुजींनी कोठीतून मोरचुदाची दोन पोती काढायला लावली. उद्या साहेबांची गाडी दिसली की ती तळ्यात ओतायची, म्हणजे पाणी ताजं निळं दिसेल.

पोत्यांचं तोंड उघडलेलं पाहूनच भागाबाईला रडू फुटलं. मोरचूद म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ शेजारच्या बागायतीत त्यानेच गेला होता. पण रडून पाणी स्वच्छ होत नाही, एवढंही तिला कळत होतं.

सकाळी साहेबांसाठी पिण्याच्या पाण्याची घागर आली. लांबून मागवलेलं, गाळलेलं, थंड पाणी. साहेब दुसरं पाणी पीत नसत. मंडळी तोरणं बांधण्यात गर्क होती. भागाबाईने घागरीवरची ताटली सरकवली, तळ्यात उडी मारली, आणि तोंडात मावतील तेवढी पोरं घेऊन घागरीत आणून सोडली. मग पुन्हा गेली. मग पुन्हा. गाडीची धूळ दिसली आणि पोती रिकामी झाली, तेव्हा निम्मी पोरं अजून तळ्यातच होती. तिने शेवटची खेप मारली ती निळ्या पाण्यातून. बाहेर आली तेव्हा तिची कातडी पेटल्यासारखी झोंबत होती. ताटली झाकून ती घागरीला टेकून बसली.

बोकडसाहेब आले. गळ्यातला हार त्यांनी भाषण संपेतो निम्मा खाल्ला. मग त्यांनी भिंत पाहिली, तळं पाहिलं, आणि दाढीवरून खूर फिरवत ते म्हणाले, की चित्र कुठलं आणि तळं कुठलं हेच ओळखू येत नाही. असं रेखीव काम त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पाण्यावर काही पांढरी पोटं उलटी तरंगत होती, ती त्यांना कमळाच्या कळ्या वाटल्या. तळं वाचल्याचं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि घसा कोरडा पडल्यामुळे पाणी मागवलं.

गुरुजींनी घागरीवरची ताटली काढली. आत काळ्या शेपट्यांची झुंबड उडालेली होती. गुरुजींचा रंगच उडाला. त्यांनी घागर ओतून द्यायला हात घातला, तर भागाबाई तिच्या काठावर चढून बसली.

"ती नका ओतू," ती म्हणाली. सगळी शाळा ऐकत होती. "साहेबांना तहान लागलीये ना? मग हे एवढं तळं भरलंय. वाचलेलं आहे. त्यातलं घ्या की, साहेब."

गुरुजींनी सवयीने मान हलवली. समारंभाला जमलेल्या पालकांनी हलवली. साहेबांच्या बरोबर आलेल्या कारकुनांनीही हलवली, कारण आत्ताच जाहीर झालेल्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? बोकडसाहेबांनी एकवार घागरीकडे पाहिलं, एकवार सगळ्यांकडे पाहिलं, आणि हळूहळू तळ्याच्या काठाशी जाऊन गुडघे टेकले.

त्यांची मान खाली गेली. दाढीचं टोक पाण्याला लागलं आणि गर्द निळं झालं. ओठ मात्र बोटभर वरच थांबले. कोणी हललं नाही. तेवढ्यात पहिलीचा वर्ग आपापले ब्रश उचलून साहेबांभोवती गोल करून बसला, आणि त्यांचं चित्र काढू लागला.