पडून राहिलेली मांडी

"…मग पाय उचलत का न्हाई, ते सांग की."

फिजिओथेरपिस्ट जुलेखा मुजावरने मांडीवरची सुटलेली पट्टी दाबून बसवली. व्यायामाच्या खोलीत खाटेवर पसरलेले बाळकू वस्ताद गेला आठवडाभर हेच विचारत होते.

ऑपरेशन करून नवा गुडघा बसवल्याला महिना उलटला होता. मांडीला चिकटपट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी करंटच्या मशीनला. करंट आला की मांडी आवळायची, गेला की सैल. वस्ताद डोळे मिटून पडायचे. तालमीतल्या पोरांकडून जन्मभर पाय रगडून घेतलेला माणूस. त्याच्या लेखी मशीन म्हणजे आणखी एक चेला.

जुलेखाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, करंट आला की तुम्हीही मांडी आवळायची, जोर तुमचा लागतो. वस्ताद हसले होते. कालची पोर, आणि जोर शिकवतेय आपल्याला.

आता हसू आटलं होतं. तालमीचं मातीपूजन तोंडावर आलेलं. दरवर्षी आखाड्यात पहिलं पाऊल वस्तादांचंच. यंदा खुर्चीत बसवून उतरवतो म्हणणाऱ्या पोरांना त्यांनी आयमाय काढून हाकललं होतं.

"करंट वाढीव."

"सोसेल तेवढा वाढवलाय, वस्ताद."

"मग मशीनच कामचुकार हाय तुझं. आमच्या तालमीत असली थेरं चालत न्हाईत. पडून ऱ्हाणाऱ्याला मी काठीनं उठवतो."

जुलेखाचा हात थांबला.

ती काठी तिने लहानपणी तालमीच्या दारातून पाहिली होती. थोरला भाऊ इक्बाल मातीत आडवा, गुडघा फिरलेला. वर हे उभे, नाटकं करतोस म्हणत काठी चालवणारे. इक्बाल अजून कठडा धरून जिना चढतो. आणि या माणसाच्या पाया पडायला अजून रांग लागते. केस पिकले की सगळं माफ. कुणी केलं माफ? ज्याचा गुडघा गेला, त्याला कुणी विचारायलाही आलं नाही.

तिने मशीन बंद केलं. भिंतीला टेकलेली वस्तादांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"मारा."

"कुणाला?"

तिने त्यांच्या मांडीवर बोट ठेवलं.

"ही पडून राहिलीय. इक्बालला उठवलंत, तसं हिला उठवा."

वस्तादांचं तोंड लाल झालं. शिवी ओठापर्यंत आली असावी… तिथेच राहिली.

"तू इक्बाल मुजावरची…"

"बहीण."

…

काठी उगारली गेली नाही. खालीही ठेवली गेली नाही.

बऱ्याच वेळाने वस्तादांनी दात आवळले. मांडी थरथरली. मानेच्या शिरा फुगल्या, बंडी घामाने भिजली. टाच चादरीवरून सुटली. दोन बोटं वर. तिथे थोडी थांबली आणि धपकन खाली आली.

वस्ताद छताकडे बघत धापा टाकत राहिले.

"दुखतंय," ते म्हणाले. मग हळूच, "नाटक न्हाई गं पोरी…"

जुलेखाने काठी त्यांच्या मुठीतून सोडवून भिंतीला लावली. मशीन पुढे ओढलं.

"आता करंट लावते."