दुय्यम व्हायला तयार

एकदा भार्गवकाका नावाच्या एका वृद्ध अभियंत्याने आपल्या दोन शिष्यांना एकाच नदीवर नेमले. नीलाक्षीला धरणाच्या नियंत्रण कक्षात, आणि उद्धवला तिथून तीस किलोमीटर वर, नदीची पातळी मोजणाऱ्या केंद्रात. दोन्हीकडचे संगणक एका तारेने जोडलेले होते. त्या जोडणीत नीलाक्षीचे केंद्र ‘मुख्य’ आणि उद्धवचे ‘दुय्यम’, असे भार्गवकाकांनी ठरवून दिले. मुख्याने विचारायचे, दुय्यमाने विचारल्यावरच सांगायचे.

तो शब्द उद्धवला झोंबला. काकांकडे तो नीलाक्षीच्या दोन वर्षे आधी आला होता. तिला तारा जोडायला त्यानेच शिकवले होते. आता पडद्यावर दर मिनिटाला तिच्या केंद्राची विचारणा उमटे आणि त्याला वाटे, ही मला हुकूम सोडते आहे. त्याला अन्न गोड लागेना. अखेर एका सकाळी त्याने गुपचूप आपल्या केंद्राची भूमिका बदलली आणि ‘मुख्य’ केली.

जोडणी बंद पडली. दोन्ही केंद्रे एकमेकांना विचारत राहिली, उत्तर कोणीच देईना. नदी तर चढत होती.

नीलाक्षीचा फोन आला. “उद्धवदादा, तुझ्याकडे काही बदललंय का रे?”

“माझ्याकडे सगळं ठीक आहे. तुझ्याकडेच बघ.”

दर पाच मिनिटांनी ती फोनवर पातळी विचारून घेई आणि मधल्या वेळात तारा तपाशी. दुपारी जोडणी बंद म्हणून धरणावरच्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतले. ते कळल्यावर उद्धवला बरे वाटले. मग बरे वाटल्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी भार्गवकाका त्याच्या केंद्रात आले. पडद्यावर एक नजर टाकताच त्यांना सारे उमगले. पण ते रागावले नाहीत. त्यांनी नीलाक्षीला फोन लावला. “बाळ, तुझं केंद्र दुय्यम कर.”

“करते, काका.” तिने कारणही विचारले नाही.

क्षणात जोडणी सुरू झाली. उद्धव गोंधळला. “काका, चूक माझी, आणि खाली तुम्ही तिला उतरवलंत?”

“खाली? नदीची पातळी बघ. तू मुख्य झालास म्हणून ती बोटभर तरी हलली का? कोणी आधी बोलायचं, एवढंच त्या शब्दांनी ठरतं. आणखी एक भूमिका असते, उद्धव. जोडणी होताना कोण मुख्य, कोण दुय्यम ते दोन्ही केंद्रांनी आपसांत ठरवायचं. तीच तुम्हांला द्यायची माझ्या मनात होती. पण त्यासाठी दोघांचीही दुय्यम व्हायची तयारी लागते. तिची सकाळीही होती.”

उद्धवने फोन उचलला.

“नीलाक्षी, तुझ्याकडे काहीच बिघडलं नव्हतं. मीच बदललं होतं. तू मुख्य, हे मला बघवत नव्हतं.”

ती हळूच म्हणाली, “हे तू मला सांगितलंस. साहेबांना कोण सांगणार?”

“मी येतोय,” उद्धव म्हणाला, आणि केंद्र काकांच्या हवाली करून धरणाच्या रस्त्याला लागला.