नमुन्याचं घरटं

फार वर्षांपूर्वी विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. दर हंगामात पिवळ्या नावाचा नर आधी नमुन्याचं एक घरटं विणी. झुबकी खार त्याला लोंबकळून झोके घेई, मग साळुंकी आत शिरून पंख फडफडवी. दोघींनी पसंती दिली की सगळे तशीच घरटी बांधत. तरीही वाऱ्यात दोन-चार घरटी अंड्यांसकट विहिरीत पडतच. का, ते कुणालाच कळेना.

एका वर्षी झुबकीला यायला उशीर झाला.

"ती आल्याशिवाय मी कशी तपासू?" साळुंकी कुरकुरली.

"तिचं काम वेगळं, तुझं वेगळं. शिर तू!" पिवळ्या म्हणाला.

साळुंकीने पंख फडफडवले मात्र, गाठ सुटली आणि घरटं धप्पकन पाण्यात पडलं! ती कशीबशी बाहेर उडाली. "मी काही नाही केलं हो!" ती रडवेली झाली.

पिवळ्या तर फांदीवर नाचायलाच लागला. "अगं, सापडलं! झुबकीच्या वजनाने गाठ आवळली जायची, म्हणून तुझ्या वेळी घरटं टिकायचं. बाकीच्या घरट्यांना कुठे झुबकी लोंबकळते?"

त्याने दुहेरी गाठीची दोन नवी घरटी विणली, एक झुबकीसाठी, एक साळुंकीसाठी. तो बघत राहिला. साळुंकीने जीव खाऊन पंख आपटले. घरटं हललं, डुललं, पण सुटलं नाही.

त्या वर्षी बाभळीवरून इतकी पिल्लं उडाली, की त्यांना बसायला फांद्या पुरेनात.