दिवेलागणीआधीचं विरजण

“तीन लाख वर्षं तू किती वेळात संपवलीस?”

“दहा मिनिटांत,” मी म्हटलं. “त्यात होतं काय, बाबा? राजा नाही, सनावळी नाही. दगड घासत बसलेली माणसं. मी सरळ इजिप्तवर गेले.”

इनूसबाबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गावाबाहेर चिंचेखाली त्यांचा तकिया होता. एक खोली, एक म्हैस, दह्याचं एक मडकं. येईल त्याला दही खाऊ घालायचं, एवढाच फकिराचा संसार. मी त्यांना गुरू मानलं ते दह्यासाठी नाही. बाईमाणूस पुस्तक घेऊन बसलेली बघून गावात न हसलेला तो एकटाच पुरुष होता.

मी चौथी शिकलेली. पण गावच्या वाचनालयातली दोन्ही कपाटं मी वाचून काढली होती, आणि भेटेल त्याला तसं सांगत होते. अजूनही सांगते.

त्या वर्षी मी वाचनालयाच्या ओसरीवर दर रविवारी बायांचा वर्ग सुरू केला होता. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया. विषय, जगाचा इतिहास. आदिमानवापासून आजपर्यंत, अकरा रविवारांत. पहिल्या रविवारी बावीसजणी आल्या. दुसऱ्या रविवारी आठ. तिसऱ्या रविवारी एक आली, तीही ओसरीला सावली होती म्हणून. ती खांबाला टेकून झोपली आणि मी तिला पिरॅमिड शिकवले.

“वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, येत्या रविवारी पाचजणी तरी दिसल्या नाहीत तर ओसरी कॅरमवाल्यांना देणार,” मी बाबांना सांगितलं. “आणि हसले वर. म्हणाले, अनसूयाबाई, चौथीवाल्यांनी फार तर तिसरीला शिकवावं, जगाला कशाला शिकवता?”

“मग बाया का येईनात?”

“अडाणी आहेत. काहीही विचारतात. ती हौसा, ही इथली, तुमच्या शेजारची. पहिल्याच दिवशी भर वर्गात विचारते, बाई, सुरण शिजवून खायचा हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? कच्चा खाल्ला तर घसा खाजतो. मग आधी कितीजणींचे घसे सुजले असतील?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, हे पुस्तकात नाही. पुस्तकात नाही ते विचारायचं नाही.”

बाबांनी मडकं माझ्यापुढे सरकवलं. तळाशी वाटीभर दही होतं. मी बोलत होते आणि खात होते. रोमन आले, मंगोल आले, वाफेचं इंजिन आलं, दोन महायुद्धं झाली. शेवटचं बोट मी मडक्याच्या तळावरून फिरवलं आणि चाटलं. तसलं दही मी पुढे कुठे खाल्लं नाही.

“चांगलं लागलं?”

“फार.”

“मग उद्याचं लाव.” त्यांनी चुलीजवळचं दुधाचं पातेलं माझ्यापुढे ठेवलं. दूध तापवून निवत ठेवलेलं होतं.

“विरजण कुठंय?”

बाबा नुसते माझ्या हातातल्या मडक्याकडे बघत राहिले…

चुलीपुढे वीस वर्षं घालवलेली बाई मी. रोज रात्री चमचाभर दही बाजूला काढल्याशिवाय मी कधी पानावर बसले नव्हते. आणि आज दुसऱ्याच्या घरचं मडकं बोटानं पुसून बसले होते.

“सांगायचंत ना मला!”

“तू मला बोलू कुठं दिलंस?”

सूर्य चिंचेच्या खाली उतरला होता. आमच्याकडे दिवे लागले की कुणी विरजण देत नाही. सख्खी बहीणसुद्धा देत नाही. आणि रोज सकाळी जिनिंगला जाताना बाया तकियावर थांबतात, कुणी उपाशी असते, कुणाच्या कडेवर लेकरू असतं, हे मला ठाऊक होतं.

“मी आणते,” मी म्हटलं. “कुणाकडून आणू?”

“जवळचं घर एकच आहे.”

ते घर हौसाचं होतं.

मी निघाले. त्या दोनशे पावलांत मी जेवढी वाकले तेवढी सासरी पण कधी वाकले नव्हते.

हौसा दारातच होती. एका हातात चिमणी, एका हातात काडेपेटी. मला बघून काडी ओढायची थांबली.

“बाई? इकडं कुणीकडं?”

“विरजण पाहिजे. चमचाभर. बाबांचं मी खाऊन टाकलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. चांगली पोट धरून.

“समदं?”

“समदं.”

“आवो, जगाचा इतिहास शिकलेली बाई तुम्ही…”

“दे की गं. दिवा लावशील नाहीतर.”

“लावत नाय. तुम्ही पोचेस्तवर थांबते.”

तिने चिमणी खाली ठेवली. आत अंधारात चाचपत गेली आणि वाटीत चमचाभर दही घेऊन आली. तिच्याकडे होतं तेच मुळी दोन चमचे.

घ्यायचं आणि पळायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पण तोंडातून निघून गेलं, “तू कुठून आणलं होतंस हे?”

“सासूचं हाय. मी आले तवापासून चालू हाय. एकदा दुष्काळात म्हशी गेल्या, तवा तुटलं. मग तांड्यावरच्या एका म्हातारीनं दिलं.”

“तिने कुठून आणलं?”

“तिला बी कुणीतरी दिलंच असंल की.”

“आणि त्याच्या आधी?”

हौसाने माझ्या हातावर वाटी ठेवली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली.

“हे पुस्तकात नाय वाटतं, बाई?”

टोमणा होता. लागला. लागायलाच पाहिजे होता.

वाटी पदराखाली धरून मी परत आले. मागे वळून पाहिलं, तर तिच्या घरात अजून अंधार होता. मी तकियाच्या उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा तिकडे चिमणी पेटली.

मी दुधात बोट बुडवून पाहिलं, कोमट होतं. मडकं धुतलं, दूध ओतलं, विरजण कालवलं. बाबा बघत बसले होते. मी झाकण ठेवलं.

“बाबा, पहिलं दही कुणी लावलं असेल?”

बाबांनी वर पाहिलं नाही. “पुस्तकात नाही ते तू कधीपासून विचारायला लागलीस?”

दुसऱ्या दिवशी मी जिनिंगच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. हौसा बाहेर आली तेव्हा सगळ्या बायांच्या देखत म्हटलं, “तुझ्या सुरणाचं उत्तर मला येत नाही. रविवारी आपण मिळून शोधू.” आयुष्यात असलं वाक्य मी पहिल्यांदा बोलत होते. माझे कान तापले होते.

रविवारी सातजणी आल्या. मी पुस्तक मिटून मांडीखाली घातलं. मग काय झालं ते लिहायला मला वेगळी वही लागेल. पहिल्यांदा कुणी बी पुरून ठेवलं असेल? दगडावर दगड घासून पीठ करताना पहिल्या बाईचे हात सोलले असतील का? बाळंतिणीची नाळ कापायला काय वापरलं असेल? एकीच्या आजीने बांबूच्या कामटीने कापलेली होती. तीन लाख वर्षं त्या ओसरीवर येऊन बसली. दिवेलागण झाली तरी बाया उठेनात. अध्यक्ष दोनदा खोकून गेले. कॅरमवाले बोर्ड काखेत घेऊन पायरीवर उभे होते, त्यांतला एकजण खाली बसून ऐकायला लागला.

वर्ग सुटताच मी तशीच तकियावर पळत गेले. बाबा नुकतेच विरजण लावून, मडकं पुढ्यात घेऊन बसले होते.

“बाबा, वर्ग राहिला! बाया म्हणतात, इजिप्तला जायची घाई नाही.”

“बरं.”

“पण मी आभार कुणाचे मानू? हौसाचे मानले, ती लाजून पळाली. तिची सासू गेली. तांड्यावरची म्हातारी गेली. तिला ज्यांनी दिलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. एवढं सगळं माझ्यापर्यंत आणून पोचवलं, बाबा, आणि मी त्यांना दहा मिनिटांत…”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, आणि माझा खांदा मडक्याला लागला.

बाबांनी दोन्ही हातांनी मडकं धरलं.

“हळू… हलवू नकोस. दही लागतंय.”