ओट्याशी फोडलेला गोळा

एका बंदराच्या गावात एकदा एक वृद्ध भंडारी राहत होता. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. चाळीस वर्षे समुद्रावर साठ-साठ माणसांचे रांधून तो निवृत्त झाला होता, आणि गाव त्याला बाबलकाका म्हणत असे. बोलणे मोजके, स्वभाव कडक. भांड्यात काही तळाला लागले की त्याचा पारा चढे. जहाजावरचे धिप्पाड खलाशी त्या एका गोष्टीसाठी त्याला वचकून असत.

एके सकाळी त्याच्या दारात हेमलता उभी राहिली. ती त्याच्या जुन्या हाताखालच्या माणसाची मुलगी, आता स्वतः पन्नाशीची.

"काका, बाबांचे ते इटालियन गोळे मला शिकवा."

काकांना आठवले. त्यांचे जहाज एकदा दुरुस्तीसाठी नेपल्सच्या गोदीत दीड महिना अडकले होते. तिथल्या खाणावळीच्या म्हातारीने या दोघांना खिम्याचे गोळे टोमॅटोच्या रसात मुरवायला शिकवले होते. हेमलताचे बाबा रजेवर आले की एकदा तरी तो बेत घरी करत. त्या दिवशी आळीभर लसणाचा आणि शिजत्या टोमॅटोचा वास सुटे, आणि घरात सण नसताना सण असे.

"बाप जाऊन सात वर्षं झाली. आज कशी आठवण झाली?" काकांनी विचारले.

हेमलताने काही लपवले नाही. बाबा गेले तेव्हा तिचा मोठा भाऊ जहाजावर होता, किनाऱ्यापासून अकरा दिवस दूर. तो येऊ शकला नाही. आणि तिने फोनवर सांगितले, "बाबांना खांदा द्यायला आला नाहीस, आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." तो शब्द त्याने सात वर्षे पाळला. आता पुन्हा लांबच्या जहाजावर चढण्याआधी त्याचा निरोप आला होता: महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी येतो, बाबांचे गोळे करणार असशील तर जेवून जाईन.

"भर समुद्रात जहाजावरून उतरून कसा येणार होता तो?" काका म्हणाले.

"तेव्हाही कळत होतं मला," हेमलता म्हणाली. "म्हणूनच ते गोळे अगदी तसेच व्हायला हवेत, काका. माफी मागायला मला तोंड नाही. त्या चवीने तरी तो थोडा वेळ बसेल."

काकांनी होकार दिला. पहिल्या रविवारी हेमलताने आपल्या हाताच्या सवयीने आले, गरम मसाला घातला, मुठीत घट्ट दाबून गोळे वळले, आणि ओल्या नारळाचे वाटण लावल्याशिवाय रस्सा होतो यावर तिचा विश्वासच बसेना. काकांनी एक गोळा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा कोफ्ता झाला. चांगला आहे, पण कोफ्ता आहे." मग त्यांनी शिळा पाव दुधात भिजवून खिम्यात कालवला, वर अंडे, किसलेले चीज आणि परसातल्या सब्जाची चिरलेली पाने. गोळे त्यांनी असे हलकेच वळले की जणू हातात पिल्लू आहे. तेलात नुसता रंग येऊ दिला आणि मग मंद आचेवर रसात सोडले.

दुसऱ्या रविवारी तिचे गोळे मऊ झाले. तिसऱ्या रविवारी रसही जमला. काकांनी ताट चाटूनपुसून संपवले आणि म्हणाले, "मला शिकवण्यासारखं आता काही उरलं नाही."

पण हेमलताचा चेहरा पडलेलाच होता. "सगळं बरोबर आहे, काका. पण ते हे नव्हे. बाबांचं काहीतरी वेगळं होतं. तुम्ही काही राखून तर ठेवत नाही ना?"

काका हसले. "उद्या पुन्हा ये," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोळे रसात पडून जेमतेम पाव तास झाला होता. रस अजून पातळ होता, वर तेलाचा तवंगही आला नव्हता. आणि काकांनी डाव उचलून एक सुरेख, गोल गोळा भांड्यातच सरळ मधोमध फोडला.

"काका, अहो फुटला ना!" हेमलता कळवळली.

काकांनी अर्धा तुकडा पावावर ठेवून तिच्या हातात दिला. "बसू नकोस. इथेच उभ्याने खा."

तिने घास घेतला. जीभ पोळली. आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "हेच. हेच ते. काय घातलंत?"

"काही नाही. जे काल होतं तेच," काका म्हणाले. "तुझा बाप मला सांगायचा, घरी माझा एक गोळा कधी ताटापर्यंत पोचत नाही. पोरं ओट्याला चिकटून भुणभुण लावतात. अख्खा दिला तर जेवणार नाहीत, म्हणून एक फोडतो आणि अर्धा-अर्धा देतो. तू तीन रविवार ताटातली चव शोधत होतीस, बाळ. ताटातले गोळे त्याचे आणि माझे सारखेच. तुझ्या जिभेवर राहिला आहे तो हा अर्धा, धीर न धरवून खाल्लेला."

हेमलताने डोळे पुसले. तिची नजर डावातल्या दुसऱ्या अर्ध्याकडे गेली. काकांनी तो खाल्ला नव्हता, तिलाही दिला नव्हता. त्यांनी तो अलगद वाटीत काढून वर झाकण ठेवले. तो कुणाचा हे तिने विचारले नाही.

शेवटच्या रविवारी भाऊ आला. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवी मांडीवरच ठेवून. उकाड्याबद्दल दोन वाक्ये झाली, तब्येतीबद्दल दोन. हेमलताने सकाळीच मांडून ठेवलेली ताटे उचलून आत नेली आणि आतून हाक मारली, "दादा, जरा ओट्याशी ये."

तो दारात येऊन थबकला. भांड्यात डोकावला. "रस आटला नाही अजून."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि डावाने गोळा फोडला.

एक तुकडा जरा मोठा झाला. तो म्हणाला, "मोठा तू घे. नेहमी भांडून तूच घ्यायचीस."

"दादा, त्या दिवशी फोनवर मी जे बोलले..."

"आधी खा. निवेल," तो म्हणाला. आणि त्याने पिशवी खाली ठेवली.

सोमवारी हेमलता काकांकडे डबा घेऊन गेली. काकांनी झाकण उघडून वास घेतला, चमचाभर रस जिभेवर ठेवला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तळाला लागलाय हा."

"लागणारच, काका," हेमलता म्हणाली. "गॅस बंद करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. बोलत बसलो."

आयुष्यात लागलेले भांडे कुणाला माफ न केलेल्या त्या म्हाताऱ्याने मग पाव मागितला, आणि डबा पुसून पुसून खाल्ला.