पाटलाच्या बैठकीचं जातं

फार फार वर्षांमागं, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, साळवट गावात तान्हाई टाकीवाली राहायची. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की ती हातोडी आणि टाकी घेऊन यायची आणि टकटक ठोकून तो पुन्हा खरखरीत करायची. हात सोन्याचा, पण तोंड असं तिखट, की दगडसुद्धा तिला भिऊन सरळ होतो, असं म्हणतात.

त्या साली दूर दक्षिणेत लढाई पेटली, गावंच्या गावं जळाली. एका दुपारी साळवटच्या वेशीत पाच माणसं येऊन टेकली. रुद्रप्पा, त्याची बायको निंगव्वा, दोन पोरी आणि रुद्रप्पाची म्हातारी आई. भाषा निराळी, पाय रक्ताळलेले. सगळं घरदार मागं राहिलं, पण निंगव्वाच्या डोक्यावर होती जात्याची वरची तळी. खालची जड, ती काही उचलली नव्हती. निम्मं जातं बघून लोक हसले. तान्हाईनं मात्र तळी उतरवून घेतली.

"बया बया! एवढं वझं घेऊन चालत आलीस? मान शाबूत आहे ना गं?"

निंगव्वाला शब्द कळले नाहीत, पण ती पहिल्यांदाच रडली.

आता साळवटात एक जुना दंडक होता. आलेल्या माणसाला पाच दिवस ओसरी मिळायची आणि दाणे मिळायचे, पीठ नाही. सहाव्या पहाटे त्याच्या स्वतःच्या जात्याची घरघर ऐकू आली तर तो गावचा, नाहीतर त्यानं पुढची वाट धरायची. उसनं जातं चालायचं नाही. आणि पुढं जायचं कुठं? पुढच्या गावांनी वेशी बंद केलेल्या, म्हातारीच्या पायात तर एक कोसही उरलेला नव्हता.

"निम्मं त्यांचं आहेच. उरलेलं मी घडवते," तान्हाई म्हणाली.

पण दगड कुठला घ्यायचा? नरम दगड घ्यावा तर पिठात कच उतरते. तान्हाई गावभर फिरली, एकेक दगड ठोकून कान लावत गेली. निंगव्वाच्या तळीसारखा खणखणीत एकच वाजला, आणि तो नेमका चावडीपुढचा, हणगोजी पाटलांच्या बैठकीचा!

"तान्हे, डोकं फिरलं का तुझं? माझ्या आज्यानं ह्यावर बसून निवाडे केलेत, गावचे दंडक घातलेत," असं म्हणून पाटील दगडावर मांडी घालून बसले. "फोड आता."

"बसा की. माझं काय जातंय?" तान्हाई म्हणाली, आणि पाटलांच्या भोवतीनं टाकी मारायला लागली.

असं म्हणतात, तीन दिवस ती टकटक थांबली नाही. सात गावच्या गुरांनी चरायचं सोडून कान टवकारले. भर उन्हात ठिणग्या दिसायच्या. पाटलांच्या धोतराला भोकं पडली, दगडाचे कोपरे गळून पाटलांचे गुडघे दोन्हीकडून अधांतरी आले, तरी गडी हलला नाही, जेवायलासुद्धा नाही. पाचव्या दिवशी दगड गोल झाला. आता वरची बाजू टाचून खरखरीत करायची आणि मधोमध खुंटीचं भोक पाडायचं राहिलं होतं, आणि नेमके तिथंच पाटील!

"उठा पाटील."

"नाही उठत."

दिवस डोक्यावर आलेला. टाकी झिजून बोटाएवढी उरलेली. जन्मात कुणापुढं न नमलेली तान्हाई मटकन खाली बसली. पोरीबाळी घेऊन ही माणसं उद्या वाटेला लागणार होती.

तेवढ्यात रुद्रप्पाची आई काठी टेकत आली. तीन दिवस उपाशी बसलेला माणूस बघून तिला राहवलं नव्हतं. तिनं आपल्या वाटीतल्या ज्वारीच्या घुगऱ्या पाटलांपुढं धरल्या आणि खुणेनं म्हणाली, खा. भूक अनावर झालेली, पाटलांनी मूठ भरली. तोंडात चारच दात. चावता चावता ते बेजार झाले.

"म्हातारे, तू कशी खातेस गं हे?"

म्हातारीनं हसून बोळकं उघडून दाखवलं. एक दात नव्हता. मग तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि पाण्याच्या घोटाबरोबर तसेच गिळले. पाच दिवस ती असंच जेवत होती.

पाटलांनी मुठीतले उरलेले दाणे वाटीत परत टाकले. आज्यानं दंडक घातला, पण दात नसलेल्या माणसाचा विचार काही केला नव्हता. पाटील उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं गाव म्हणतं. ठिणगी गेली होती असं त्यांचे वंशज आजही सांगतात.

सहाव्या पहाटे रुद्रप्पाच्या ओसरीवर घरघर सुरू झाली. निंगव्वा आपल्या भाषेत गात होती, आणि गावातल्या बाया उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. पहिली भाकरी दुधात कुस्करून तान्हाईनं स्वतः म्हातारीला भरवली. असं म्हणतात, त्या दिवशी टोपलीतलं पीठ अख्खं गाव जेवलं तरी सरलं नाही.

आज साळवटात विजेची गिरणी आहे. पण धरणात घर गेलेलं कुटुंब येवो, वीटभट्टीवरचं येवो, नाहीतर बदलीवरचे मास्तर येवोत, पहिल्याच दिवशी घरोघरचं मूठमूठ पीठ गोळा होतं. त्याची भाकरी दुधात कुस्करून आलेल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी भरवतात. त्याला तान्हाईचा घास म्हणतात. त्या माणसानं पाणी पिऊन तोंड पुसलं, की मगच कुणीतरी विचारतं, "गाव कुठलं तुमचं?"

पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत एखादी आजी खेकसते, "कुठलं म्हणजे? साळवटच की!"