उंबरठे नसलेली वाडी

कासव बुडतं का, या प्रश्नानं संपदाची झोप उडाली होती. एम.एस्सी. झालेल्या बाईनं हे विचारायचं तरी कुणाला? पण भावानं भाचीला दिलेली कासवाची दोन पिल्लं परसातल्या तळ्यात दिवसभर नुसती पोहत होती, भिंतीला नखं घासत. तळं तिनंच हौसेनं बांधून घेतलेलं. चारी बाजूंनी उभी, गुळगुळीत फरशी, वर लोखंडी जाळी. आता त्यातलं एक पिल्लू काही खाईना, आणि तिची सात वर्षांची लेक भार्गवी रोज विचारी, "ते मरणार का गं?"

कोकणात नवऱ्याच्या आत्याकडे, तळेकरांच्या वाडीत जायचं ठरलं, तेव्हा पिल्लांची बादलीही गाडीत चढली. आत्यांच्या दारात भार्गवीनं सवयीनं पाय उंच टाकला आणि ती धडपडली. दाराला उंबरठाच नव्हता.

"वाडीत कुणाच्याच दाराला नाही गो," आत्या हसल्या. "आमचे उंबरठे तळ्यात."

त्यांनी दोघींना मागच्या अंगणात नेलं. छोट्या तळ्यात जांभ्याचा एक लांबोडका चिरा तिरका रोवलेला, अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात. त्यावर चार कासवं माना ताणून शेकत पडली होती. तिथंच पायरीवर बसून आत्यांनी गोष्ट सांगितली.

फार पूर्वी या वाडीत आवडी नावाची सून होती, असं सांगतात. तिचा एकुलता मुलगा नदीच्या पुरात वाहून गेला. एका कासविणीनं त्याला पाठीवर घेतलं आणि काठाला आणून सोडलं, म्हणे. आवडीनं ओल्या मातीला हात लावून शब्द दिला, "बाई, तुझी पिल्लं माझ्या अंगणात वाढवीन. त्यांच्या केसाला धक्का लागू देणार नाही."

"कासवाला केस?" भार्गवीनं विचारलं.

"घाबरलेल्या आईला कुठलं भान, बाय!"

आवडीनं तळं खणलं. मुंगूस उतरू नये म्हणून भिंती ताशीव केल्या. घार झेपावू नये म्हणून वर काटेरी फांद्या रचल्या. राखण अशी की वारासुद्धा विचारून आत यावा. तरी एका सकाळी एक पिल्लू उलटं तरंगताना दिसलं. आवडीनं ऊर बडवून घेतला. मुंगूस आलं नाही, घार आली नाही, मग माझं लेकरू नेलं कुणी?

तेव्हा तिचा मुलगा म्हणाला, "आई, मला तिनं काठावर आणलं होतं. यांचा काठ कुठाय?"

काठासाठी भर पावसात खाणीतून चिरा कोण काढून देणार? आवडीनं पहार घेतली आणि स्वतःच्या दाराचा उंबरठाच उखडला. सासू ओरडली, "अगे, लक्ष्मी निघून जाईल घरातली!"

"गेली तर तळ्यावरूनच जाईल ना," आवडी म्हणाली, "टेकायला जागा झाली तिला." आणि तिनं तो चिरा पाण्यात तिरका रोवला. संध्याकाळच्या आत उरलेली पिल्लं एकामागून एक वर चढून बसली. लक्ष्मी काही गेली नाही, म्हणे.

आजही वाडीत नवं घर बांधलं की उंबरठ्याचा चिरा आधी तळ्यात जातो. आजही नवी सून माप ओलांडते ती तळ्याकाठी, आणि मापात तांदूळ नसतात, चिरलेली माठाची भाजी असते. ती सांडते कासवांपुढं.

मांजर, मुंगूस, घार, चोर, सगळ्यांचा विचार संपदानं केला होता. कासवाचा तेवढा राहून गेला होता. तिनं बादलीत पाहिलं. आजारी पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर चढायची धडपड करत होतं.

"घरी गेलो की आपणही आपला उंबरठा काढू हं," ती भार्गवीला म्हणाली. लेक आता गळ्यात पडेल, असं तिला वाटलं.

भार्गवीनं थोडा विचार केला. "तो नको, आई. तो संगमरवराचा आहे, त्यावरून घसरतील. तुझा पाटा दे. नाहीतरी तू मिक्सरच लावतेस."